परमुलखातला पाळणा

जर्मनी हे नाव उच्चारले, की मराठी माणसाच्या मनापुढे यंत्रे, मोटारी, औषधे आणि तत्त्वज्ञान अशी चित्रे एकामागून एक उभी राहतात. त्या देशात संस्कृतचा व्यासंग करणाऱ्या पंडितांची मोठी परंपरा आहे, हेही सुशिक्षितांना ठाऊक असते. पण त्याच देशात सकाळी सात वाजता कोणाच्या घरी दूध उतू जाते, कोणाचे मूल बूट घालायला तयार होत नाही आणि रात्री तापलेल्या लेकराच्या उशाशी कोण बसते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो करण्याची वेळ आता आली आहे. २०१२ साली जर्मनीत युरोपीय ‘निळे कार्ड’ देण्यास सुरुवात झाली, आणि त्यानंतर भारतातील उच्चशिक्षित तरुण मोठ्या संख्येने तेथे नोकरीसाठी जाऊ लागले. बर्लिन, म्युनिक, फ्रँकफुर्ट, स्टुटगार्ट अशा शहरांतून मराठी संसार थाटले गेले. त्या संसारांत पाळणे हलू लागले, आणि इंदूर, बेळगाव किंवा वडोदरा येथे मागे राहिलेल्या आजीच्या मनात एकच प्रश्न घर करून बसला : तिकडे त्या लेकराचे कोण करीत असेल?

आपल्याकडे मूल एकट्या आईबापांचे नसते. त्याला न्हाऊ घालणारी आजी वेगळी, फिरवून आणणारे आजोबा वेगळे, घास भरवणारी आत्या वेगळी आणि ‘ठेवा हो आमच्याकडे तासभर’ असे म्हणणारी शेजारीण वेगळी. या सर्व हातांची मिळून एक व्यवस्था झालेली असते. ती कोठे लिहिलेली नसते, तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही, आणि म्हणूनच ती आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. जर्मनीत पाऊल ठेवताच हे सारे हात एकदम दूर जातात. त्यांच्या जागी तेथे दुसरी एक व्यवस्था उभी आहे. कायदा, विमा, शिक्षणसंस्था आणि घड्याळ हे तिचे चार खांब होत. ही व्यवस्था काय देते आणि काय देऊ शकत नाही हे नीट पाहिले, म्हणजे आजीच्या प्रश्नाचे उत्तर हाती लागते.

प्रारंभ बाळंतपणापासूनच करू. नोकरी करणाऱ्या स्त्रीला जर्मन कायद्याने प्रसूतीपूर्वी सहा आठवडे आणि प्रसूतीनंतर आठ आठवडे रजा मिळते. जुळी झाली किंवा मूल अपुऱ्या दिवसांचे असले, तर नंतरची रजा बारा आठवड्यांची होते. आधीच्या सहा आठवड्यांत तिची इच्छा असेल तर ती काम करू शकते. परंतु नंतरच्या आठ आठवड्यांत तिने स्वतः होऊन मागितले, तरी तिला कामावर घेता येत नाही. मातृसंरक्षणाचा हा कायदा पश्चिम जर्मनीत १९५२ साली झाला आणि पुढे वेळोवेळी सुधारला गेला.

याहून कौतुकाची गोष्ट म्हणजे तेथील सुईण. तिला जर्मन भाषेत ‘हेबामे’ म्हणतात. सुईण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जुन्या काळची अनुभवी, परंतु निरक्षर बाई येते. हेबामे ही शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेली स्त्री असते, आणि २०२० पासून तर या व्यवसायासाठी विद्यापीठाची पदवी आवश्यक ठरली आहे. प्रसूतीच्या वेळी डॉक्टर हजर असला, तरी त्याने सुईण बोलावलीच पाहिजे असा तेथील दंडक आहे. बाळंतीण घरी आली, की ही सुईण तिच्या घरी येते. पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते आणि पुढे बारा आठवडे होईपर्यंत गरजेप्रमाणे येत राहते. बाळाचे वजन घेणे, नाळेची जागा पाहणे, आईला दूध पाजण्याची रीत दाखवणे, तिच्या मनाची विचारपूस करणे ही तिची कामे. त्यांचा खर्च सरकारमान्य आरोग्यविमा उचलतो. मात्र मोठ्या शहरांत सुईणी अपुऱ्या पडतात. दिवस राहिल्याचे कळताच जी स्त्री सुईणीचा शोध सुरू करते, तिलाच ती वेळेवर मिळते. परदेशातून नव्याने आलेल्या जोडप्याला हे ठाऊक नसते आणि मग धावपळ होते.

आपल्याकडील सव्वा महिन्याची कल्पना जर्मनांनाही अपरिचित नाही. बाळंतिणीच्या विश्रांतीच्या सहा ते आठ आठवड्यांना ते ‘वोखनबेट’ म्हणतात. शब्दशः अर्थ आठवड्यांचे अंथरूण. पण शेकशेगडी, धुरी, अंगाला तेल चोळणे हे त्यात नाही. म्हणून पुष्कळ मराठी घरांत मुलीची आई डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशेपा घेऊन विमानाने जाते. पाहुणी म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर तिला एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. नातू हसू लागतो, माणूस ओळखू लागतो, आणि नेमकी तेव्हाच आजीची परतीची तारीख येऊन ठेपते. ती गेल्यानंतर घरात तिघेच उरतात, आणि त्या तिघांतील एकाला अजून मान धरता येत असते नसते.

दरम्यान कागदपत्रांचाही व्याप असतो. जन्माची नोंद एका आठवड्यात नागरी नोंदणी कचेरीत करावी लागते. तेथील अर्जात स्वतःचे नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात. मध्ये वडिलांचे नाव लिहिण्याची आपली रीत तेथील कारकुनाला समजावून सांगावी लागते. जर्मन भूमीवर जन्मले, एवढ्यानेच मूल जर्मन नागरिक होत नाही. परकीय आईबापांपैकी एकाचे त्या देशात कायदेशीर वास्तव्य ठरावीक वर्षांचे असेल, तरच ते नागरिकत्व जन्मतः मिळते. २००० साली ही मुदत आठ वर्षे ठरली होती. २०२४ च्या जून महिन्यात ती पाच वर्षे करण्यात आली. एरव्ही आईबाप भारतीय असल्यास मुलाच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीतही करावी लागते. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. त्यामुळे पाळण्यातल्या मुलाचे पुढे काय व्हावे, या प्रश्नाला पहिल्या वर्षातच तोंड द्यावे लागते.

आता मुलाच्या बापाकडे वळू. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत आई आणि बाप यांपैकी प्रत्येकाला तीन वर्षांपर्यंत बिनपगारी संगोपनरजा घेता येते, आणि त्या रजेत त्याची नोकरी सुरक्षित राहते. या रजेतील काही भाग मुलाच्या आठव्या वाढदिवसापर्यंत पुढे ढकलताही येतो. पगार बंद झाला तर घर कसे चालावे, या प्रश्नाला उत्तर म्हणून २००७ साली ‘एल्टर्नगेल्ड’, म्हणजे पालकवेतन सुरू झाले. पूर्वीच्या निव्वळ मिळकतीच्या सुमारे पासष्ट टक्के रक्कम सरकार देते. ती दरमहा ३०० युरोंपेक्षा कमी आणि १८०० युरोंपेक्षा अधिक नसते. एकट्या पालकाने रजा घेतली तर हे वेतन बारा महिने मिळते. दोघांनीही रजा घेतली आणि प्रत्येकाने किमान दोन महिने घेतले, तर एकूण चौदा महिने मिळते. वाढीव दोन महिन्यांची ही योजना बापाला घरी आणण्यासाठीच आहे, आणि तिचा परिणाम रस्त्यावर दिसतो. दुपारी अकरा वाजता छातीशी मूल बांधून बाजारात भाजी घेणारा पुरुष तेथे कोणाच्या कुतूहलाचा विषय होत नाही. ज्या मराठी तरुणाने लहानपणी आपल्या वडिलांना कधी लंगोट बदलताना पाहिले नाही, तोही येथे बाळाला आंघोळ घालायला शिकतो. ‘अहो, तुम्ही कशाला? तिला करू द्या,’ असे म्हणणारे कोणी नसते, आणि न करण्याची सोयही नसते. परदेशाने दिलेल्या देणग्यांत ही देणगी लहान मानू नये.

याखेरीज प्रत्येक मुलासाठी दरमहा ‘किंडरगेल्ड’ मिळते. २०२५ साली ही रक्कम २५५ युरो होती. श्रीमंत असो वा गरीब, सर्वांना ती सारखीच मिळते.

मूल वर्षाचे झाले, की बहुतेक घरांत बालशाळेचा प्रश्न पुढे येतो. ‘किंडरगार्टन’ हा शब्द जगाने जर्मनीकडूनच घेतला. फ्रीडरिख फ्रेबेल या शिक्षकाने १८४० साली थुरिंगियातील बाड ब्लांकेनबुर्ग या गावी ‘मुलांची बाग’ या अर्थाने हे नाव आपल्या संस्थेला दिले. फ्रेबेल तान्हा असतानाच त्याची आई निवर्तली होती. लहान मुलाला मायेच्या आणि खेळाच्या वातावरणात वाढू द्यावे, हा ध्यास त्याने जन्मभर घेतला. लोकरीचा चेंडू, लाकडी गोल, घन आणि नळकांडे अशा साध्या वस्तूंतून मूल जग समजून घेते, असे त्याचे मत होते. प्रशियाच्या सरकारला ही कल्पना धोकादायक वाटली आणि १८५१ साली त्याने अशा बालशाळांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रेबेल वारला. बंदी उठली ती १८६० मध्ये. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाची जी चळवळ उभारली, तिने मुख्यतः माँटेसोरीबाईंचा मार्ग पत्करला. तरी खेळ हेच लहान मुलाचे काम होय, ही श्रद्धा दोन्हींकडे एकच आहे.

आजच्या जर्मनीत अगदी लहान मुलांचे सांभाळगृह आणि बालशाळा यांना मिळून ‘किटा’ असे सुटसुटीत नाव आहे. तीन वर्षांवरील मुलाला बालशाळेत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क १९९६ साली मिळाला, आणि १ ऑगस्ट २०१३ पासून तो एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलालाही लागू झाला. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातील जागा यांत मात्र अंतर आहे. शिक्षिका अपुऱ्या आहेत, यादी लांब आहे, आणि मूल जन्मण्याआधीच नाव नोंदवणारे पालक थोडेथोडके नाहीत. शुल्कही राज्याराज्यांत निराळे. बर्लिनमध्ये २०१८ पासून जेवणाचा अल्प खर्च सोडल्यास शुल्क पडत नाही. इतर अनेक ठिकाणी ते द्यावे लागते. पुष्कळ किटा कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट धर्मसंस्था चालवतात, आणि त्यांत इतर धर्मांची मुलेही सुखाने वाढतात.

पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुलाला दारात सोडून आईने डोळे पुसत निघून जावे, ही पद्धत तेथे नाही. मूल हळूहळू रुळावे यासाठी बर्लिनमध्ये तयार झालेला एक क्रम अनेक ठिकाणी पाळला जातो. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर तासभर वर्गात बसतो आणि दोघे मिळून घरी जातात. चौथ्या दिवशी पालक मुलाचा निरोप घेऊन थोडा वेळ खोलीबाहेर जातो, आणि हा पहिला वियोग अर्ध्या तासापेक्षा लांबवीत नाहीत. चौथा दिवस सोमवारी आला, तर वियोग मंगळवारवर टाकतात. कारण दोन दिवस घरी राहिलेल्या मुलाला सोमवार जडच जातो. शिक्षिकेच्या कुशीत मूल शांत होते की नाही, यावरून पुढचा वेळ ठरतो. हे सारे काही आठवडे चालते. न सांगता चोरून निघून जाणे मात्र निषिद्ध मानतात. ‘त्याचे लक्ष नाही तोवर निघून जा’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. मुलाचा विश्वास हा त्याच्या रडण्याहून महत्त्वाचा आहे, एवढे जरी या पद्धतीतून आपण घेतले तरी पुष्कळ झाले.

किटात गेलेल्या मुलाचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. हिवाळ्यात हॅम्बुर्गसारख्या उत्तरेकडच्या शहरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारलाच मावळतो. आई मुलाला घेऊन निघते तेव्हा अंधार असतो आणि परत आणते तेव्हाही अंधारच. ऊन इतके कमी, की तान्ह्या मुलांना ड जीवनसत्त्व रोज थेंबाने किंवा गोळीने द्यावे लागते. उलट जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो, आणि बाहेर दिवस असताना मुलाला झोपवण्यासाठी खिडकीला जाड पडदा लावावा लागतो. हवा कशीही असो, मुलांना रोज बाहेर नेतात. हवा कधी वाईट नसते, वाईट असतात ते कपडे, अशी तेथे म्हणच आहे. म्हणून प्रत्येक मुलाच्या नावाच्या खुंटीला चिखलात बसता येईल अशी रबरी विजार, त्याखाली गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि घरात घालायची वेगळी पादत्राणे असतात. वाचता न येणाऱ्या मुलाला आपली खुंटी कळावी म्हणून तिच्यावर बदक, ससा किंवा गोगलगाय यांचे चित्र लावलेले असते. पावसात भिजला तर सर्दी होईल, या धाकात वाढलेल्या मराठी आईला पहिल्या वर्षी हे पाहवत नाही. दुसऱ्या वर्षी ती स्वतः रबरी बूट विकत घेते.

दुपारचे जेवण गरम. संध्याकाळचे मात्र पाव, लोणी आणि चीज असे थंड. त्या जेवणाला नावच ‘संध्याकाळचा पाव’ आहे. सहा-साडेसहाला जेवण, मग दात घासणे, एक गोष्ट वाचणे, आणि साडेसात-आठला मूल अंथरुणात. मराठी घरांत सहा वाजता वरणभात शिजतो एवढाच काय तो फरक. बाकीचे वेळापत्रक हळूहळू तसेच होते. नऊ-दहा वाजेपर्यंत पाहुण्यांत खेळणारे मूल, हे आपले ओळखीचे दृश्य तेथे दिसत नाही.

शेजाराची रीतही समजून घ्यावी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात. रविवारी दुकाने बंद असतात. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील रविवारच्या विश्रांतीचे कलम १९४९ च्या राज्यघटनेने जसेच्या तसे उचलून घेतले आहे. शनिवारी दूध आणायचे राहिले, तर सोमवार उजाडेपर्यंत अडचण. पण याच शांतताप्रिय समाजाने २०११ साली असा कायदा केला, की बालशाळा आणि क्रीडांगणे यांतून येणारा मुलांचा आवाज हा सामान्यतः उपद्रव मानला जाऊ नये. मुलांच्या गलबल्यासाठी कायद्यात जागा करावी लागावी, हे आपल्याला विचित्र वाटेल. पण ती जागा करण्यात आली, हेही खरे.

त्याच कायद्याने आईबापांच्या हातालाही आवर घातला आहे. २००० सालापासून जर्मन दिवाणी कायद्यात मुलाला हिंसेवाचून वाढण्याचा हक्क आहे. शारीरिक शिक्षा आणि मनाला इजा करणारी वागणूक बेकायदेशीर आहे. ‘छडी लागे छमछम’ या वातावरणात लहानाचे मोठे झालेल्या पालकांना येथे आपल्या सवयी तपासाव्या लागतात. दोन वर्षांचे मूल भर दुकानात जमिनीवर लोळण घेते, तेव्हा चापट न मारता, मिठाईचे आमिष न दाखवता त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून वाट पाहणे, ही कठीण तपश्चर्या आहे. पण ती करणारे पालक तेथे जागोजागी दिसतात, आणि पाहून पाहून माणूस शिकतो.

मुलाने आपले आपण करावे, हाही तेथील आग्रह. सहाव्या वर्षी प्राथमिक शाळा सुरू होते. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात त्याच्या निम्म्या उंचीचा पुठ्ठ्याचा सुशोभित शंकू असतो, आणि त्यात खाऊ व लेखनसाहित्य भरलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सॅक्सनी आणि थुरिंगिया या भागांत निघालेली ही प्रथा आता देशभर पसरली आहे. पुढे काही आठवड्यांतच पुष्कळ मुले शाळेत एकटी किंवा सोबत्यांबरोबर चालत जाऊ लागतात. पोहण्याचे पहिले पदक पुष्कळ मुले याच सुमारास मिळवतात. त्याचे नाव ‘समुद्रघोडा’. पंचवीस मीटर पोहणे, काठावरून उडी मारणे आणि खांद्याइतक्या खोल पाण्यातून वस्तू काढून आणणे ही त्याची अट. चौथ्या इयत्तेत सायकल चालवण्याची परीक्षा होते आणि तिला पोलिसांचे साहाय्य असते. मुलाला जपणे म्हणजे त्याला धोका ओळखायला शिकवणे, असा तेथील समज दिसतो.

इतके सारे असूनही एक दिवस असा उगवतो, की या व्यवस्थेचे खांब हलू लागतात. मुलाला ताप येतो. किटातून दूरध्वनी येतो : मुलाला घेऊन जा. तापलेल्या मुलाला तेथे ठेवून घेत नाहीत. मुलाच्या आजारपणासाठी आईबापांना रजा आहे. २०२४ आणि २०२५ या वर्षांसाठी सरकारी आरोग्यविम्याखाली ती प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे पंधरा दिवस होती. डॉक्टरांची तपासणीही नियमित. जन्मापासून शाळेच्या वयापर्यंतच्या तपासण्या एका पिवळ्या वहीत नोंदवल्या जातात, आणि १ मार्च २०२० पासून गोवराची लस टोचल्याशिवाय किटात प्रवेश मिळत नाही. पण पहाटे तीन वाजता खोकणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला या कलमांचा काय उपयोग? ‘अगं, ओव्याची पुरचुंडी शेक, उतरेल हो सकाळपर्यंत,’ असे म्हणणारा आवाज तिला हवा असतो. त्या वेळी भारतात सकाळचे साडेसात झालेले असतात, एवढेच समाधान. आजी उठलेली असते, आणि ती दूरध्वनी उचलते.

सणांच्या बाबतीतही असेच आहे. दिवाळी कामाच्या दिवशी येते आणि पहाटेचे अभ्यंगस्नान साडेसहाच्या आगगाडीपुढे हरते. गणेशोत्सव मराठी मंडळी एकत्र जमून शनिवार-रविवारी साजरा करतात. उलट ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या सणाला मूल कागदाचा कंदील हातात घेऊन संध्याकाळच्या अंधारात मिरवणुकीने जाते. चौथ्या शतकातील या रोमन सैनिकाने थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला, ही कथा प्रत्येक बालशाळेत सांगतात. ५ डिसेंबरच्या रात्री घासूनपुसून दाराशी ठेवलेल्या बुटात संत निकोलस खाऊ टाकून जातो. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात दर रविवारी एकेक मेणबत्ती पेटते. या प्रथेचा उगम हॅम्बुर्गच्या विखेर्न या धर्मोपदेशकाने १८३९ साली आपल्या अनाथाश्रमातील मुलांसाठी गाडीच्या चाकावर लावलेल्या मेणबत्त्यांत आहे. हिंदू घरातले मूलही हा कंदील हौसेने करते, आणि त्यात काही बिघडत नाही. आकाशकंदिलाशी त्याचे नाते लावून देणारा माणूस मात्र घरात असावा लागतो.

येथेच मूळ मुद्दा येतो. सुईण, पालकवेतन, किटा, डॉक्टर यांनी आजीची पुष्कळ कामे वाटून घेतली. एक काम मात्र कोणीच घेऊ शकले नाही, आणि ते म्हणजे बोलण्याचे. किटात जाऊ लागल्यावर थोड्याच काळात मूल जर्मन बोलू लागते, आणि मग मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देते. आईबाप चरकतात, किंवा कौतुकाने त्याच्याशी मोडके जर्मन बोलू लागतात. दोन्ही चुकीचे. घरात आईबापांनी त्यांना उत्तम येणारी भाषाच बोलावी, तिने दुसरी भाषा शिकण्यात अडथळा येत नाही, असाच सल्ला आज जाणकार देतात. मोडक्या जर्मनने मुलाचे जर्मन सुधारत नाही. आईबापांचे मराठी मात्र मुकते. अर्थात आईबापांनी स्वतः जर्मन शिकणे अगत्याचेच आहे. नाही तर डॉक्टरापुढे आणि शिक्षकापुढे सहा वर्षांचे मूल आईचा दुभाषी होऊन उभे राहते, आणि ते ओझे त्याच्या खांद्यांना पेलण्यासारखे नसते.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद आणि बेळगाव येथील मराठी माणसांना हा अनुभव नवा नाही. रस्त्यावर एक भाषा, शाळेत दुसरी आणि घरात मराठी, असे त्यांनी पिढ्यान् पिढ्या निभावले. पण तेथे मराठीला अनेक तोंडे होती : आजीची, शेजारणीची, कीर्तनकाराची, ग्रंथालयाची. जर्मनीतल्या मुलाच्या कानी मराठी पडते ती फक्त दोन कंठांतून, आणि तीही संध्याकाळी पाच ते आठ या तीन तासांत. त्या तीन तासांत ‘लवकर जेव, लवकर झोप’ एवढेच बोलणे झाले, तर मुलाच्या मराठीत तेवढेच शब्द राहतील. रागावण्याची भाषा मराठी आणि गोष्टीची भाषा जर्मन, अशी वाटणी झाली, की मूल कोणती भाषा जवळ करील हे सांगायला नको.

एक गोष्ट आशेची आहे. या दोन भाषांत एक अनपेक्षित जवळीक आहे. मराठीप्रमाणे जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत, आणि हिंदीत लोप पावलेले नपुंसकलिंग या दोघींनी जपले आहे. आपण ‘ते मूल’ म्हणतो. जर्मन भाषेतही मूल हा शब्द नपुंसकलिंगीच आहे. ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद तिथेही आहे. किटातले मूल सर्वांना ‘तू’ म्हणते, आणि शाळेत गेल्यावर मोठ्यांशी आदराने बोलायला शिकते. ज्या मुलाचे मराठी पक्के, त्याला ‘तो, ती, ते’ हा भेद मुळातच अंगवळणी पडलेला असतो.

इकडच्या आजी-आजोबांनाही या कामात वाटा उचलता येईल. हिवाळ्यात दोन्ही देशांच्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर असते, उन्हाळ्यात साडेतीन तासांचे. मुलाच्या झोपण्याच्या वेळी भारतात जवळजवळ मध्यरात्र झालेली असते. म्हणून शनिवारी तेथील सकाळी नऊची वेळ उत्तम. इकडे तेव्हा दुपारचे दीड किंवा साडेबारा वाजलेले असतात. त्या वेळी पडद्यावर मुलाला ‘काय जेवलास? थंडी वाजते का? आम्हाला ओळखलेस का?’ असे विचारीत बसू नये. तीन वर्षांचे मूल चौकशीला कंटाळते आणि उठून जाते. त्याला चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगावी आणि ती अर्ध्यावर थांबवावी. म्हणजे पुढच्या शनिवारी ते स्वतः होऊन विचारील, ‘आजी, मग कावळ्याचे काय झाले?’ हा प्रश्न त्याने मराठीत विचारला, तर समजावे की परमुलखातल्या त्या पाळण्याची दोरी अजून आपल्याही हातात आहे.